आवाज न करणारं मशीन

सूनबाईचं काम फोनवरचं, घरी बसून. लोकांचं कपडे धुण्याचं मशीन बिघडलं की ते तिला फोन करून वाट्टेल ते बोलतात, आणि ती कानाला यंत्र लावून गोड आवाजात "हो सर, समजू शकते सर" म्हणते. त्याचा तिला पगार मिळतो. आम्ही जन्मभर फुकट ऐकून घेतलं, ते असो. तर एकदा एका गिऱ्हाइकानं तिला मध्येच थांबवून विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे गारा पडतायत का?"

गारा म्हणजे आमचे भाऊजी. माझे धाकटे दीर. मधली भिंत पातळ, आणि भिंतीपलीकडे भाऊजींचा कीबोर्ड.

मी या घरात आले तेव्हा भाऊजी अर्ध्या चड्डीत होते. पुढं टायपिंग शिकले आणि त्यातच रमले. लग्न केलं नाही. मग डोळ्यांचा पडदा गेला. बाजूबाजूचं अंधूक दिसतं, समोरचं दिसत नाही. म्हणजे दार दिसतं, पण दारात कोण उभं आहे ते दिसत नाही. मला म्हणायचे, "वहिनी, तुमचं तोंड सोडून सगळं दिसतं." मी म्हणायचे, "नशीबवान आहात."

डोळे गेले तरी काम गेलं नाही, कारण काम कानांचं आणि बोटांचं होतं. कोर्टात न जाता भांडणं मिटवणारं एक ऑफिस आहे. वाटणीची, घटस्फोटाची, नोकरीवरून काढल्याची अशी भांडणं. तिथं दोन्ही बाजू काय बोलल्या ते सगळं रेकॉर्ड होतं. ऑफिसचा शिपाई ते पेनड्राइव्हवर घालून बंद पाकिटात आणून द्यायचा, भाऊजी ते ऐकून शब्दन्‌शब्द टाइप करायचे आणि टाइप केलेलं त्याच पेनड्राइव्हवर घालून तो परत पाकिटात घालून चिकटवायचे. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की माणूस बोलतो, सोडलं की थांबतो, टाचेनं दाबलं की मागं जाऊन पुन्हा बोलतो. मी म्हटलं होतं, असं एक पेडल मला तुमच्या भावासाठी मिळालं असतं तर संसार सोन्याचा झाला असता.

कीबोर्ड जुना, दगडासारखा जड. प्रत्येक कळीखाली तिची तिची स्प्रिंग. दाबली की टक्‌, सोडली की टक्‌. ऑफिसात जाणं सोडलं तेव्हा भाऊजींनी तो तिथून मागून आणला होता. वरची अक्षरं पुसून कळा बोडक्या झाल्या होत्या, पण ज्याला अक्षर दिसतच नाही त्याला त्याचं काय. दोन कळांवर मूळचे उंचवटे असतात, बाकी चारपाच कळांवर त्यांनी फेविकॉलचे थेंब सुकवले होते. ते माझ्या देखत. मी म्हटलं, "काय कीबोर्डला देवी आल्यात का?"

आणि कॉम्प्युटरही तसलाच. चालू केला की आत कुणीतरी जातं फिरवतंय असा आवाज. मधूनच खर्र, खर्र, टक्‌. मुलगा कॉम्प्युटरमधलाच आहे, त्यानं एक दिवस खाली बसून डब्याला कान लावला आणि डॉक्टरसारखं तोंड केलं.

"काका, डिस्क जायला आलीय."

"किती दिवस ऐकतोय मी हे," भाऊजी म्हणाले.

"टक्‌ आवाज आधी नव्हता."

"होता."

"नव्हता, काका."

भाऊजी गप्प बसले. म्हणजे नव्हता. त्यांचे कान माझ्या मुलापेक्षा दहापट तिखट. त्यांना तो टक्‌ पहिल्या दिवशीच ऐकू आला असणार. पण सांगितलं तर डबा बदलतील, म्हणून सांगितलं नसणार. दुखणं लपवणारं आजारी माणूस मी घरात एकदा पाहिलेलं आहे, मला ती चुप्पी ओळखता येते.

रात्री जेवताना वाद झाला. मुलानं मला समजावलं ते मी माझ्या डोक्याप्रमाणे सांगते. जुन्या डिस्कमध्ये एक चकती असते, ती गरागरा फिरते आणि वर एक सुई वाचत, लिहीत जाते. फिरतं ते झिजतं. धक्का लागला की गेलं. नव्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिपा. पडली तरी फुटत नाही, पटकन उघडते, गरम होत नाही, आणि आवाज शून्य.

"आवाज शून्य!" सूनबाई म्हणाली आणि तिच्या तोंडावर असा आनंद पसरला की मला तिची दया आली. बिचारी वर्षभर गारांत बसली होती.

"आणि कीबोर्ड?" भाऊजींनी विचारलं.

"तुमची पिन गोल आहे, काका. नव्या डब्याला ते भोकच नसतं. जोडणी मिळते मध्ये घालायची, पण कधी चालते, कधी नाही. नव्याबरोबर नवा येतोच की. खाली रबर असतं, हाताला मऊ."

"मऊ," भाऊजी म्हणाले. पाण्यात भिजलेल्या शिळ्या पोळीबद्दल बोलावं तसं.

शेवटचा शब्द घरात माझा असतो. मी दोन्हीकडून तोललं. एकीकडे मरायला टेकलेलं यंत्र, सूनबाईची नोकरी, मुलाचं ज्ञान. दुसरीकडे भाऊजींची सवय. सवय काय, लागते. मला म्हातारपणी चष्म्याची लागली, दातांची लागली. मी म्हटलं, "भाऊजी, एका सुनावणीच्या मधोमध ती चकती बसली तर लोकांची भांडणं अर्धवट राहतील. नवं घ्यायचं."

भाऊजींनी मान हलवली. "घ्या. पण जुन्या डिस्कला भोक पाडायचं. माझ्यासमोर."

तो ऑफिसचा नियम. त्यांनी सही करून दिली होती की ऐकलेलं आणि टाइप केलेलं त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या कानांवर-डोळ्यांवर पडणार नाही. घरातसुद्धा. आम्ही त्या खोलीत गेलो की ते पडद्याचं बटण बंद करायचे, स्वतःला दिसत नसताना. मला आधी त्याचा राग यायचा. अख्खं घर माझ्या मुठीत आणि एका पेटीत काय आहे ते मला ठाऊक नाही!

रिपेअरवाल्याचं दुकान म्हणजे बोळातला एक गाळा. भिंतभर उघडे डबे, वायरींचे गुंते, टेबलावर स्क्रूंनी भरलेली बशी. तो माणूस बोलका. जुन्या डिस्कांचा ढीग दाखवून म्हणाला, "आजी, ह्या मरताना ओरडतात. दोन दिवस तरी देतात. नवीवाली बसल्या जागी जाते, हूं का चूं नाही."

"मग चांगली कुठली?"

"मरणावर आहे. तुम्हाला कसं हवं?"

मी म्हटलं, "मला विचारू नकोस, मी ओरडून जाणार आहे."

त्यानं जुन्यातलं सगळं नव्यात उतरवलं. मुलानं समोर बसून, फाइली न उघडता, नुसत्या मोजून तपासलं. एक अक्षर हरवलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. मग जुनी डिस्क उघडून शिकंज्यात धरली आणि ड्रिल लावलं. भाऊजी माझा कोपर धरून उभे होते. चकती म्हणजे आरसाच होता छोटा, लखलखीत. ड्रिल आत शिरलं तसा त्यांचा हात माझ्या कोपरावर आवळला. "झालं?" त्यांनी विचारलं. "आरपार," रिपेअरवाला म्हणाला.

घरी नवं मशीन बसलं आणि घर शांत झालं. इतकं शांत की नळ ठिबकतो हे त्या दिवशी कळलं. सूनबाईची गिऱ्हाइकं शिव्या द्यायची ती आता तिला स्वच्छ ऐकू येऊ लागली. मुलानं काकांना सांगितलं, "काका, आता सेव्ह करायलाही नको. ते आपलं आपण ठेवत जातं."

"बरं," भाऊजी म्हणाले.

मी अधूनमधून दारातून बघायचे. एक परिच्छेद टाइप करून व्हायचा, मग डावा हात कीबोर्डच्या कोपऱ्यात जायचा, हेडफोन सरकून एक कान उघडा व्हायचा आणि मान तिरकी. तसेच बसून राहायचे. मग पुन्हा हात कोपऱ्यात. पुन्हा मान तिरकी. मला वाटलं मान आखडलीय. तेल गरम करून दिलं. त्यांनी लावून घेतलं.

मग ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. बाई भल्या आहेत, वर्षानुवर्षं त्यांच्याशी भाऊजींचं काम. फोन भाऊजींनी घेतला, पण त्या बाईंचा आवाज असा की शेजारच्यालाही ऐकू जावा. कागदभर सुटी सुटी अक्षरं आलीत. मध्येच एक 'स', पुढं दोन 'स'. समोरच्या वकिलानं कागद वर धरून विचारलं, हे काय लिहिलंय? "तुमच्या कागदात आजपर्यंत बोट ठेवायला जागा नव्हती," बाई म्हणाल्या. "पण पुढची सुनावणी मोठी आहे. तीही अशी आली तर मला दुसरं कुणी बघावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

फोन ठेवून भाऊजींनी दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि बोटं एकेक करून उघडली, मिटली.

"वहिनी, बोटंही गेली की काय?"

त्यांच्या तोंडून मी कधी गाऱ्हाणं ऐकलं नव्हतं. डोळ्यांचं सांगितलं तेव्हासुद्धा विनोद केला होता.  हे काम म्हणजे त्यांचं ताठ बसणं होतं. ते गेलं की ते वहिनीच्या घरातले आंधळे दीर. मी तसं कधीच म्हटलं नसतं, पण त्यांनी म्हटलं असतं, स्वतःला, रोज.

मोठी सुनावणी त्यांनी फार सावकाश केली. बोट टेकवायचं, थांबायचं, मग दाबायचं. ज्या दिवशी संपली त्या दुपारी ते केस कापायला गेले. शेजारचा त्यांना घेऊन गेला. पाकीट अजून चिकटवलेलं नव्हतं.

मी सूनबाईला हाक मारली. "जरा ती सुनावणी मशीनवर उघड आणि बघ, अक्षरं कुठनं येतायत."

"आई, काकांचा नियम आहे ना."

"नियम गेला खड्ड्यात. काम गेलं तर नियम कशात घालायचा, लोणच्यात? बघ म्हणते ना."

तिनं उघडलं. आधी नुसती नजर फिरवली. मग म्हणाली, "आई, गंमत बघा. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी आहे. मध्ये कुठंच नाही." तिनं हात कीबोर्डवर ठेवला आणि स्वतःशीच हसली. जुन्या कीबोर्डवर डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात जी कळ होती, ती धरून 'स' दाबला की सेव्ह व्हायचं. नव्यात त्या कोपऱ्यात दुसरीच एक कळ आणून बसवलीय आणि हवी ती एक घर आत सरकलीय. बोट जुन्या घरी जायचं. सेव्ह काही व्हायचं नाही, नुसता 'स' उमटायचा.

"म्हणजे बोटं शाबूत आहेत!" मी म्हटलं. मला पोरीला मिठी मारावीशी वाटली, पण तिला सवय नाही.

इथं थांबायला हवं होतं. काम झालं होतं. पण ती एकेक 'स' पुसायला लागली आणि पुसता पुसता वाचायला लागली. मधेच "बाई गं!" म्हणाली.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही असं नसतं. मोठ्यानं वाच."

दोन भाऊ आणि एक बहीण, आईचं घर कुणाचं यावरून. आई गेल्यावर थोरल्यानं बहिणीची पेटी दाराबाहेर ठेवली होती, आणि ती काय बोलली, तो काय बोलला, सगळं जसंच्या तसं, खोकल्यासकट. मी स्टूल ओढून बसले. "मग? धाकटा काय म्हणाला?" असं मीच विचारत होते. शपथेवर सांगते, इतकी रंगत मला टीव्हीत कधी आली नाही.

भाऊजी आले तेव्हा आम्ही सगळं जागच्या जागी ठेवलेलं होतं. सूनबाई डोळ्यांनी खुणावत होती, राहू द्या आई, मी गुपचूप त्या कळीवर थेंब लावून देते. पण मला कुठला धीर. मी म्हटलं, "भाऊजी, बोटांना काही झालेलं नाही! कळ सरकलीय नुसती!" आणि सगळं सांगितलं.

त्यांनी कोपरा चाचपला. कोपऱ्यातली कळ, मग आतली. "असं होय," ते म्हणाले. तोंडावर हसू आलं. खूप दिवसांनी.

सूनबाई म्हणाली, "पण काका, हे आपोआप सेव्ह होतं ना, तुम्ही मुळात दाबताच कशाला?"

"ऐकायला."

"काय ऐकायला?"

"जुन्यावर दाबलं की खर्र व्हायचं. मग टक्‌. म्हणजे ठेवलं त्यानं. मग मी पुढं जायचो. ह्याच्यावर दाबतो, काही ऐकू येत नाही. वाटतं दाबलं गेलं नाही. पुन्हा दाबतो." ते थोडे लाजले. "तुम्हाला पडद्यावर दिसतं. मला ते होतं."

त्या तिरक्या मानेचा अर्थ मला तेव्हा लागला. आणि मी तेल देत होते!

"मग सोपं आहे," सूनबाई म्हणाली. "मी ह्यांना सांगते, सेव्ह दाबलं की टिंग वाजेल असं करून देतील."

"ते टिंग मी दाबलं याचं," भाऊजी म्हणाले. "त्यानं ठेवलं याचं नाही. पण चालेल. शिकेन. कळ कुठं आहे ते कळलं, आता शिकेन."

शिकेन म्हणाले. मी हे दोनदा ऐकलं. सगळं सुरळीत झालं होतं. मी इतकी हलकी झाले की जीभ सैल सुटली. म्हटलं, "शिकाल हो, तुम्हाला काय अवघड! आणि तो थोरला मेला कसला नालायक, भाऊजी, सख्ख्या बहिणीची पेटी दारा—"

सूनबाईनं डोळे मिटून घेतले.

भाऊजींचा हात कीबोर्डवरच होता. "किती वाचलंत?" त्यांनी विचारलं.

"वरवर. अक्षरं शोधताना."

"पेटी शेवटाकडे आहे, वहिनी."

मी उठून त्यांच्यासाठी पाणी आणायला गेले.

संध्याकाळी मुलगा आल्यावर त्यानं आमची वकिली केली. "काका, तिनं तुमचं काम वाचवलंय. आम्ही कुणाला सांगणार आहोत? कुणाला कळणार?"

"त्या बहिणीला सांगितलं होतं, की खोलीत आहेत तेवढेच ऐकणार आणि टाइप करणारा एक. म्हणून ती रडली तिथं. नाहीतर चार माणसांत अशी रडली नसती."

"पण तुमचं काम जाईल!"

"हो ना," भाऊजी म्हणाले.

सूनबाई रडली. म्हणाली, "काका, मी वाचायलाच नको होतं." ते म्हणाले, "तू शोधलंस म्हणून बोटं राहिली माझी. तुझ्यावर राग नाही, पोरी." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. राग नसल्याचंही सांगितलं नाही. सांगायची गरज वाटली नसेल, किंवा वाटली असेल, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सकाळी मी त्यांच्या दाराशी उभी राहिले. "भाऊजी, एक सांगू? एवढी एक सुनावणी पाठवा. मग पुढच्या वेळेपासून मी खोलीच्या उंबऱ्यातसुद्धा पाय ठेवणार नाही. पाहिजे तर कुलूप घाला."

"कुलूप घरातल्या माणसांना घालायचं?" ते म्हणाले आणि फोन उचलला.

बाईंचा मोठा आवाज यावेळी मोठा नव्हता. मला भाऊजींचंच ऐकू आलं. सुनावणी तयार आहे, अक्षरांची चूक सापडलीय. पण घरात एका माणसानं वाचलीय. नाही, दोन माणसांनी. हो, घरचेच. नाही, माझ्या सांगण्यावरून नाही, पण माझ्या खोलीत. मग बराच वेळ ते ऐकत राहिले. "मला माहीत आहे, सांगितलं नसतं तर चाललं असतं," असं म्हणून ते थोडं हसले. "तुम्हाला चाललं असतं. पाकीट न्यायला माणूस पाठवा. पेडल आणि हेडफोन ऑफिसचे आहेत, तेही न्यायला सांगा."

मी स्वयंपाकघरात गेले. पातेलं आदळलं, कपाट आदळलं. नवं मशीन भिंतीपलीकडे चालू असेल, नाहीतर बंद असेल. काय कळतं? तसलं यंत्र चांगलंच आहे. मुलगा म्हणतो ते सगळं खरं आहे, टिकतं, पळतं, हरवत काही नाही. मी त्याला दोष देत नाही.

चहा घेऊन गेले तेव्हा भाऊजी पेडलची वायर गुंडाळत होते. वायरीला पीळ पडू न देता, हातावर मापात. मी कप त्यांच्या बाजूला ठेवला, त्यांना दिसेल असा, आणि माझा घेऊन समोर बसले. मला बोलायचं होतं. या घरात मी सासूला, नवऱ्याला, मुलाला, कुणाला म्हणून कधी "चुकलं माझं" म्हटलेलं नाही, आणि त्याचा मला गर्वच होता. शब्द जिभेपर्यंत आला आणि तिथं वाट न सापडल्यासारखा उभा राहिला.

"चहा कसा झालाय?" मी विचारलं.

त्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा. "छान झालाय, वहिनी," म्हणाले आणि सगळा संपवला.

मग मी माझा कप तोंडाला लावला. साखर घालायचीच राहिली होती.